गंधकाची गव्हाण

माझ्या जावयाच्या अंगाले वास येते, हे पयल्यांदा माझ्या बायकोनं, तानुबाईनं ओळखलं. लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीले ज्ञानेश्वर घरी आला, ओवाळणं झालं, आन् ही सैपाकघरात येऊन मले हळूच म्हन्ते, "अवो, जावई माचिसच्या काड्या खातेत का काय?" मले हासू आवरेना. पोरगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. उसाचा रस साफ करायले तिथं गंधक जाळतात, त्याचा धूर रसात सोडतात, आन् हा तिथं काचेच्या नळ्या हालवत बसे, एवढं मले ठाव होतं. दिवसभर त्यातच राह्यलं का वास कपड्यातून जात नाई, तं कातडीतून कसा जाईन. आमची प्रेरणा म्हनायची, बाबा, हे घरी आले का मले दारातूनच कळते, यायले आवाज द्यायची गरज नाई. लाजत म्हनायची. तिले तो वास आवडे.

मंग कारखाना बंद पडला. काऊन पडला ते मले इचारू नका. ज्यायले ठाव हाय ते सांगत नाईत, आन् ज्यायले ठाव नाई ते पारावर बसून दिवसभर सांगतात. लिलाव झाला. यंत्रं गेली, पत्रे गेले, भोंगासुद्धा कोनी तरी काढून नेला. राह्यलं काय, तं गंधक. मोठ्या गोदामात छतापर्यंत पोती, खालची फुटून त्यायचा पिवळा ढीग झालेला. जुनं झालं, ओल लागली, ढेकळं झाले, असं म्हनून जो तो नाक दाबून परत फिरे. कारखान्याच्या साहेबानं गोदामाची किल्ली ज्ञानेश्वरच्या हातात देल्ली आन् म्हनला, याचं काही होत असंन तं पाहा. मानसाले कामावरून काढलं आन् किल्ली तेवढी त्याच्या गळ्यात बांधली. मले तवाच राग आल्ता.

प्रेरणा आपल्या लहान पोरीले, छकुलीले, घेऊन आमच्याकडे आली. थोडे दिवस, असं म्हनली. आमचं गाव बुलढान्याकडे, धाड या बाजारगावाच्या अंगाले, बाजाराले जीपनं जाऊन यायचं एवढं जवळ. लहान गावात थोडे दिवस म्हनजे काय ते सगळ्यायले समजते. नळावर बाया तानुबाईले इचारत, पोरगी कवा जानार हाय? ही म्हने, तुमच्या घरचं खाते का ती? तोंडानं अशी फटकळ, पन घरी आली का चुलीपुढं गुपचूप बसे. आमाले एकच लेकरू. त्याचा संसार असा अर्ध्यावर येऊन थांबला का भाकर गोड लागत नाई.

जावयाले गुजरातेतून दोस्ताचे फोन येत होते. तिकडे केमिकलचे कारखाने लय हायेत, ये म्हने. हा जात नोता. मेहकरले बापाच्या खोलीत एकटा राहे, आन् दर चार-आठ दिवसांनी आमच्याकडे येऊन गंधकाच्या गोष्टी सांगे. मी म्हनलं, "जावई, त्या पिवळ्या मातीत काय जीव अडकला तुमचा?"

"मामा," तो म्हने, "हे एका गोदामाचं नाही. पेट्रोल साफ करताना गंधक निघते. जगात त्याचे डोंगर पडून आहेत, ठेवायला जागा नाही. ज्याला याचा मोठा उपयोग सापडला, त्याच्या हाताला काम कमी पडणार नाही."

उपयोग त्यानं लय शोधले. कांदेवाल्यायकडे गेला, मिरचीवाल्यायकडे गेला. त्यायनं थोडं थोडं नेलं, फवारलं, आन् पुढच्या वर्षी पाहू म्हनले. गावातल्या लोकायनं मूठ-मूठ मागून नेलं. कोनी कुत्र्याच्या पान्यात टाकलं, कोनी खरजेले तेलात कालवून लावलं, कोनी साप येऊ नाई म्हनून घराभोवती रेघ ओढली. मुठीमुठीनं गोदाम रिकामं होत असतं तं काय पाह्यजे होतं. मले गंधकाचं काही घेनं नोतं, खरं सांगतो. माझ्या पोरीची चूल पुन्हा पेटली पाह्यजे, मंग ती गंधकावर पेटो का गवरीवर, एवढंच माझं म्हननं होतं.

एक दिवस तो पिशवीत काही तरी जड घेऊन आला आन् अंगनात ठेवलं. पाटाएवढी लादी. दगडासारखी, पन पिवळसर राखी रंगाची. म्हनला, "मामा, घन आणा." मी घन घातला. हाताले झिनझिन्या आल्या, लादीले काही झालं नाई. तिच्यावर मिठाचं पानी ओतून महिनाभर ठेवली होती म्हने, तरी बी टवका नाई. वाळू आन् खडी तापवायची, गंधक वितळून त्यात कालवायचं, साच्यात ओतायचं. सिमेंट नाई, आन् पान्याचा थेंब नाई. दुपारी ओतलं का सांजले उचलायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायले टँकर येते, अशा गावात बिगरपान्याचं काँक्रीट म्हनल्यावर मी बी बसलो ना खाली, लादीवर हात फिरवत.

"याचं काय करसान?" मी इचारलं.

"तुम्हीच सांगा, सिमेंट कुठं लवकर खराब होते?"

मी न थांबता म्हनलं, "गव्हाण. जनावर चाटते, मीठ पडते, सरकीची ढेप पडते, मुतानं बूड सडते. दोन-तीन वर्षांत खडी वर येते."

ते मी बोललो. गव्हाणीचं नाव माझ्या तोंडून निंघालं.

धाडले शकील म्हनून हाय, सिमेंटचे खांब आन् पाईप ओततो. त्याच्या आवारात यायनं काम सुरू केलं. गुऱ्हाळातली एक जुनी काहील आनली, तिच्यात गंधक वितळवायचं. मी पाहाले गेलो होतो. काकवीसारखं लाल-पिवळं, पातळ. जावई काठावर बसून उष्णता मोजे, जास्त झाली तरी वाईट आन् कमी झाली तरी वाईट. शकील तोंडाले फडकं बांधून वाळू उलथे आन् मले म्हने, "कडूबा चाचा, तुमचा जावई आपल्याले जन्नतमध्ये नेते का उलटीकडे, काही समजून नाई राह्यलं." पन काम जीव लावून करे तो. एकदा सांडलेल्या गंधकावर ठिनगी पडली. त्याची ज्योत निळी असते, उन्हात दिसतच नाई. शकीलची चप्पल जळाली तवा कळलं. आवारातल्या सगळ्यायले खोकला लागला आन् डोळे चुरचुरले. तवापासून जावई इस्त्याच्या बाबतीत लय कडक झाला.

पयली गव्हाण होळी झाल्यावर आमच्या गोठ्यात आली. आमच्या गोठ्यात बापाच्या वेळची दगडी गव्हाण होती. काळ्या दगडाची, एका कोपऱ्यात चिरलेली. मले ती काढायची नोती. तानुबाई म्हनली, "जावयानं आपल्या हातानं केलेली वस्तू हाय. घरात जागा नाई असं म्हनाचं का त्यायले?" मंग काढली. चार गडी लागले, बाहीर बाभळीखाली नेऊन टाकली. नव्या गव्हाणीले हिनं हळद-कुंकू लावलं, कुटार टाकलं, अन् आमची मोठी म्हैस पयल्यांदा हुंगून मागं सरली. वासामुळं. दुसऱ्या दिवशी खाऊ लागली. तानुबाई म्हनली, "पाहा, तिले बी सवय झाली जावयाची."

ज्ञानेश्वर मेहकरले बसस्टँडच्या मागं वाढलेला पोरगा. बाप शिंपी, दूध पिशवीतलं. म्हैस कोनत्या बाजूनं धरायची ते त्याले ठाव नाई, आन् हे तो स्वतः कबूल करे. म्हनून त्यानं आमाले बसवून सगळं इचारलं. जनावर लाथ मारते का? शिंगं घासते का? ढेप भिजवून ठेवता का गरम टाकता? धुता कशानं? गोठ्यात चूल पेटवता का? कंदील कुठं टांगता? मी एकेक सांगत गेलो. मंग म्हनला, "मामा, एकच पथ्य आहे. काडीनं ही पेटत नाही, पाहा." त्यानं जळती काडी कडेले लावली, विझली. "पण निखारा हिच्यावर राहिला तर गंधक वितळेल आणि जळेल. तो धूर फार वाईट. विस्तवापासून जपा."

जपलं आमी. मी गोठ्यात बिडी ओढनं सोडलं. कंदील खुट्यावरून काढून दाराच्या चौकटीले टांगला. तानुबाई मह्यावर अशी नजर ठेवे, मी नुसता खिसा चाचपला तरी म्हने, बाहीर. छकुली सुद्धा पाहुन्यायले सांगे, आमच्या गव्हाणीजवळ इस्तो नाई आनायचा.

पंचायतीतून गोठ्याच्या योजनेचा साहेब पाहाले आला. वाकून पाह्यलं, दगडानं ठोकलं, चांगली वाटली त्याले. पन म्हनला, पयली झड लागू द्या. पावसाळ्याच्या ओलीत टिकली तं पुढचे गोठे याच गव्हाणीचे करू. म्हनजे आता सगळं त्या एका गव्हाणीवर आलं. ती टिकली का काम, काम लागलं का खोली, खोली झाली का प्रेरणा आन् छकुली आपल्या घरी. जावयानं धाडले खोली पाहून बी ठेवली. पोळा झाल्यावर जायचं ठरलं. तानुबाईनं कुरडया-पापडाचे डबे भरून ठेवले, गोधड्या उन्हात घातल्या. इतक्या दिवसांनी घरात कोनी गुनगुनताना मले ऐकू आलं.

आषाढ कोरडाच गेला. श्रावणात झड लागली. झड लागली का गोठ्यात काय होते ते गुरंवाल्यायले सांगायले नको. माश्या, गोमाश्या, डास. म्हैस रातदिस शेपूट आपटते, पाय झाडते, दूध चोरते. मंग सांजले धूर करायचा. गवरीचा इस्तो, त्याच्यावर राख, वरून कडुलिंबाचा पाला. माझी माय करे, तिची सासू करे, तानुबाई या घरात आली तवापासून करत होती. आन् हा धूर कुठं ठेवायचा? मोकळ्या जागी ठेवला तं म्हशीचा पाय लागते, कुटारावर ठिनगी उडते, गोठा पेटते. म्हनून आमच्याकडे तो रिकाम्या गव्हाणीच्या कोपऱ्यात ठेवतात. दगडाच्या आत इस्तो राह्यला का भेव नाई. जो जपून वागते तो गव्हाणीतच ठेवते.

हे जावयाले कोनी सांगतलं नाई. उन्हाळ्यात धूर नसते. त्यानं चूल इचारली, कंदील इचारला, बिडी इचारली. धूर कोनी इस्त्यात मोजत नाई. धूर म्हनजे जनावराचं औषध. मानूस भाकर कशी खाते हे कोनी कोनाले सांगते का?

त्या दिवशी धाडचा बाजार होता. मी आन् जावई शकीलच्या आवारात होतो, योजनेचा साहेब तिथंच यायचा होता. आला. दहा-बारा गव्हाणी ओळीनं मांडल्या होत्या, पावसात भिजून चकचक करत होत्या. साहेबानं सगळ्या पाह्यल्या, आमच्या गोठ्यातल्या गव्हाणीचं इचारलं. मी म्हनलं, कालच धुतली साहेब, ओरखडा बी नाई. तो म्हनला, "मग काय, पोळ्यानंतर सुरू करा." बस, एवढंच बोलला आन् गाडीत बसला. ज्ञानेश्वर माझ्या पाया पडला. शकीलनं पोराले पाठवून जिलबी आनली. जावई जिलबीचा कागद हातात धरून नुसता उभा. म्हनला, "मामा, मी हरलो असं समजून चाललो होतो." मी म्हनलं, खा आधी, थंडी होते. तवाच त्याचा फोन वाजला. प्रेरणा होती. पयले नुसता खोकला ऐकू आला.

पुढचं मी प्रेरणाच्या तोंडून सांगतो, कारन मी तिथं नोतो. सांज झाली होती. पाऊस तिरपा येऊन राह्यला होता, म्हनून तानुबाईनं गोठ्याच्या उघड्या बाजूले पोत्यायचे पडदे सोडले. दोन्ही म्हशी आन् लहान वगार, म्हनजे पारडी, बांधली, गव्हाण झाडून घेतली, कुटाराची काडी बी ठेवली नाई. यंदाच्या पयल्या धुरासाठी कोपऱ्यात इस्तो ठेवला, राख टाकली, पाला टाकला, आन् घरात येऊन भाकरी थापायले बसली. थोड्या वेळानं म्हशी वरडू लागल्या. असं वरडनं प्रेरणानं कधी ऐकलं नोतं. दोघी धावल्या. पडदा बाजूले केला तं धूर पांढरा, डोळे उघडेनात, घसा धरला. प्रेरणा मागं हटली. तानुबाई आत गेली.

म्हशी दाव्याले ओढून राह्यल्या होत्या. जनावर असं ओढते तवा गाठ आवळते, कितीही सोडा, सुटत नाई. लहान वगारीची गाठ सैल होती. ती हिनं सोडली, वगार पडदा फाडून बाहीर पळाली. मंग ही मोठीकडे गेली. प्रेरणा बाहीरून वरडली, माय, सोड, ये बाहीर. ही म्हनली, "दोन्ही बांधल्या हायेत वं." एवढंच ऐकू आलं. प्रेरणानं ओला पदर तोंडाले बांधला, आत जाऊन तिचे पाय धरून ओढत आनलं. मोठी म्हैस तवर खाली बसली होती. गव्हाणीच्या कोपऱ्यात निळं निळं हालत होतं, प्रेरणा सांगते. तिचा आवाज अजून घोगराच हाय.

आमी पोचलो तवा लोकायनं गव्हाणीवर माती टाकली होती. दोन्ही म्हशी मेल्या होत्या. तानुबाईले जीपमध्ये घालून बुलढान्याले नेलं. रस्ताभर ती बसूनच, आडवं होता येईना. छातीत पानी भरल्यासारखा आवाज. ज्ञानेश्वर पुढच्या सीटवर होता, मागं वळून पाहत नोता. दवाखान्यात नाकाले नळी लावली. डॉक्टर म्हनले, फुफ्फुसं आतून भाजली.

सकाळपर्यंत होती ती. मधात एकदा तिनं मले हातानं जवळ बोलावलं. मी कान नेला. मले वाटलं, पोरीचं सांगन, छकुलीचं सांगन. ती थांबत थांबत म्हनली, "जावयाची गव्हाण जळली माझ्या हातानं. साहेब पाहाले येनार हाय ना. रागावतीन का जावई?"

मी म्हनलं, नाई रागावत.

"पाला ओला होता," ती म्हनली. "ओल्या पाल्यानं झालं. त्यायले सांगा."

जावई दाराशीच उभा होता. त्यानं ऐकलं. भिंतीले पाठ लावून खाली सरकला आन् दोन्ही हातानं कान झाकले. मले त्याच्या कानफटात द्यावंसं वाटलं, अन् त्याच वेळी जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाई. मी तिचे पाय चोळत राह्यलो. ते गार होत चालले होते.

अग्नी द्यायले आमाले पोरगा नाई. ज्ञानेश्वर मडकं धरायले पुढं आला तं भावकीतला एक जन म्हनला, यानं? मी म्हनलं, त्यानंच. ती असती तं तिनं त्यालेच पुढं केलं असतं. चिता पेटली तवा त्यानं डोळे मिटून घेतले. मी पाहत होतो. सरनावर साध्या लाकडाची लाल ज्योत होती, तरी बी मले ती मधून मधून निळी दिसे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो मह्यासमोर बसला. तोवर रडला नोता. म्हनला, "मामा, मी सगळं विचारलं होतं ना तुम्हाला. तुम्ही धुराचं का नाही सांगितलं?" त्यात राग नोता. ढोरं राखनारं पोरगं हरवलेलं वासरू इचारते, तसं इचारत होता. काय सांगू? तुमी इचारलं नाई म्हनून? आमाले आठवलं नाई म्हनून? आठवायले इसरावं लागते आधी. आमी कधी इसरलोच नोतो धूर, म्हनून तो आठवला नाई.

गव्हाणीचं काम तिथंच संपलं. साहेबाचा फोन बंद लागला. शकीलनं आवारातल्या गव्हाणी उलट्या करून ठेवल्या, कोनी फुकट न्यायले बी तयार नाई. तो घरी येऊन गेला, त्याची बायको नसीमा प्रेरणाले गळा लावून बसली. जाताना शकील मले म्हनला, "चाचा, माल चांगला होता. अल्लाकसम चांगला होता." मी म्हनलं, हाव, ठाव हाय मले. गोदाम जसंच्या तसं भरलेलं हाय. ज्ञानेश्वरनं किल्ली परत देल्ली आन् गुजरातेत जायचं ठरवलं.

जायच्या दिवशी तो दोघींले न्यायले आला. मी प्रेरणाले आतल्या खोलीत नेऊन समजावलं. म्हनलं, बाई, तुही माय याच्यासाठीच डबे भरत होती. त्याचा काही दोष नाई, जाय त्याच्यासंगं. मी एकटा करून खाईन.

ती म्हनली, "बाबा, हे वाईट नाईत. मले ठाव हाय. पन आता हे अंगनात आले, आन् मी आतमध्ये होती, आन् मले वास आला. मी हातातलं टाकून गोठ्याकडे धावली. दावं सोडायले." मंग म्हनली, "जन्मभर अशी धावू का मी?"

बाहीर येऊन मी जावयाले म्हनलं, काही दिवस राहू द्या तिले. तो समजला. छकुलीच्या हातावर चॉकलेट ठेवलं, तिच्या जवळ गेला नाई, लांबूनच हात लांब केला. स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पाह्यला त्यानं, मी पाह्यलं. मंग जीपच्या रस्त्याले लागला. डबे घरातच राह्यले. त्यातल्या कुरडया आमी तळत बी नाई आन् फेकत बी नाई.

एक दिवस मी घन घेऊन गोठ्यात गेलो. गव्हाणीचा एक कोपरा वितळून खोल खड्डा झालेला, बाकीची धड. मी उभा राहून घन घातला, पुन्हा घातला, हातातून रक्त येईपर्यंत घातला. तिचा टवका उडाला नाई. खोटं नोतं सांगतलं पोरानं. मंग घन तिच्यातच टाकून देल्ला. ती अजून तिथंच हाय. चार गडी बोलावले तं निंघन, पन बोलावायले उठवत नाई.

वगार तेवढी राह्यली. माश्या लय झाल्या म्हनून मी परवा धूर केला. गोठ्यात नाई, अंगनात, बाभळीखाली त्या जुन्या दगडी गव्हाणीत. साधी गवरी आन् कडुलिंबाचा वाळलेला पाला. वारा फिरला, धूर वगारीकडे वळला, तशी ती थरथर कापू लागली, तिनं खुटा उपटला आन् पार नाल्यापर्यंत पळत गेली. प्रेरणानं अन् मी तिले हाका मारत आनलं. इस्त्यावर पानी ओतलं.

आता धूर नाई करत. माश्या बसतात तिच्यावर, डोळ्याच्या कोपऱ्यात, पळताना पाठीवर झालेल्या जखमेवर. सांज झाली का मी तानुबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन तिच्याजवळ बसतो आन् एकेक माशी हाकलतो. अंधार पडेपर्यंत हाकलतो. मंग दिसत नाई.